डॉ. कोटणीस यांची चिनी शिकवणी

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस मराठी माणसाला ठाऊक आहेत ते बहुधा चित्रपटामुळे. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ पडद्यावर आणली, नायकाची भूमिकाही स्वतःच केली, आणि चीनच्या रणभूमीवर जखमींची सेवा करताना देह ठेवणारा हा तरुण डॉक्टर घराघरांत पोहोचला. पडद्यावर मात्र एक गोष्ट नकळत नाहीशी झाली. तेथे चिनी शेतकरी हिंदी बोलतो, चिनी सैनिक हिंदी बोलतो आणि परिचारिका चिंगलानही हिंदीतच बोलते. प्रेक्षकांची सोय पाहता त्यात गैर काही नाही. पण त्यामुळे कोटणीस यांनी चीनमध्ये उपसलेले एक मोठे कष्ट लोकांच्या नजरेआड झाले. वैद्यकीची पदवी हाती असलेला हा माणूस वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी झाला, जिला बाराखडीच नाही अशी भाषा शिकला आणि अवघ्या दोन वर्षांत त्याच भाषेत शल्यचिकित्सा शिकवू लागला. त्यांच्या त्यागाची गाथा पुष्कळांनी गायिली आहे. या शिकवणीची कथा मात्र फारशी कोणी सांगितलेली नाही.

कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील शांतारामपंत कापड गिरणीत नोकरीला होते. दोन भाऊ, पाच बहिणी असे भरले घर. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी यांच्याप्रमाणे सोलापूरही मागांच्या खडखडाटावर जागणारे आणि झोपणारे गाव. भिवंडीच्या पद्मानगरात जशी तेलुगू कानी पडते, तशीच ती सोलापूरच्या पूर्व भागातही पडते. पलीकडच्या गल्लीत कन्नड, बाजारात उर्दू आणि शाळेत मराठी, असा या शहराचा रोजचा व्यवहार. एकाच रस्त्यावर चार भाषा ऐकत वाढलेल्या मुलाला परकी भाषा ही भिंत वाटत नाही. ती त्याला शेजाऱ्याचे घर वाटते. कोटणीस यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना हे सोलापूर विसरून चालत नाही.

त्यांच्या तारुण्यातले सोलापूर आणखी एका कारणाने गाजत होते. मे १९३० मध्ये येथे लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी देण्यात आले. कोटणीस तेव्हा विशीत होते. पुढे ते मुंबईला परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. १९२६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेला देणगी देणाऱ्यांची अट होती की तेथील अध्यापक भारतीयच असावेत. शिक्षणाचे माध्यम अर्थातच इंग्रजी होते. शरीराच्या प्रत्येक अवयवाचे नाव लॅटिन आणि प्रत्येक व्याधीचे नाव ग्रीक, अशा वातावरणात कोटणीस डॉक्टर झाले. पदव्युत्तर अभ्यासाची तयारी सुरू असतानाच चीनला जाण्याची संधी त्यांच्यापुढे आली.

जपानने जुलै १९३७ मध्ये चीनवर सर्वंकष आक्रमण केले. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी त्या वर्षअखेरीस पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची मागणी केली. १९३८ चे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी पुढाकार घेऊन देशभर निधी जमविला. पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल प्रमुख, नागपूरचे ज्येष्ठ डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. विजयकुमार बसू, आणि सर्वांत शेवटी सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या बोटीने पथकाने मुंबई सोडली. मुक्काम साधारण वर्षभराचा, असाच सर्वांचा हिशेब होता. वर्षभरासाठी जाणारा माणूस भाषा शिकण्याच्या भानगडीत पडत नाही. दुभाष्यावर त्याचे भागते.

नावापासून सुरुवात

१७ सप्टेंबरला पथक कँटनला पोहोचले. सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग स्वागताला आल्या होत्या. तेथून चांगशा, हांकौ, यिचांग, चुंगकिंग असा प्रवास सुरू झाला. जपानी सैन्य मागावर असल्यासारखी स्थिती होती. ऑक्टोबरच्या अखेरीस कँटन पडले आणि पाठोपाठ हांकौही पडले. या प्रवासात भाषेचा पहिला धक्का बसावा अशीच रचना होती. कँटनमध्ये जी चिनी बोलली जाते ती हांकौला चालत नाही, आणि हांकौची बोली चुंगकिंगला वेगळी वाटते. आपल्याकडे कोकणीभाषकाला एकाएकी नागपुरी झाडीबोलीत नेऊन बसवावे, त्याहूनही हे अंतर मोठे आहे. लिपी मात्र सर्वत्र एकच. कँटनचा माणूस आणि शेन्सीचा शेतकरी एकमेकांचे बोलणे समजू शकत नसतील, पण लिहिलेली चिठ्ठी दोघांनाही वाचता येते. चिनी शिकणाऱ्या परदेशी माणसाला कान आणि डोळा अशा दोन वेगळ्या शाळांत जावे लागते ते यामुळेच.

चुंगकिंगमध्ये या पाचही डॉक्टरांचे चिनी बारसे झाले. शांतिनिकेतनात १९३७ मध्ये रवींद्रनाथांच्या सहकार्याने चीना भवन उभारणारे प्रा. तान युन-शान त्या वेळी तेथे होते. त्यांनी प्रत्येकाच्या आडनावाशी जुळणारे चिनी नाव शोधले आणि त्याच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले. ‘हुआ’ म्हणजे चीन. अशा रीतीने कोटणीस यांचे ‘के दिहुआ’ झाले. भारतातल्या पाहुण्याने चिनी नाव घेणे ही त्या काळी आतिथ्याची रीत होती. मायदेशी परतल्यावर बहुतेक जण असे नाव आठवणींच्या पेटीत ठेवून देतात. कोटणीस यांच्या बाबतीत उलटे झाले. पुढची चार वर्षे ते याच नावाने ओळखले गेले आणि चीनमध्ये आजही याच नावाने ओळखले जातात.

चुंगकिंगच्या मुक्कामातच घरून तार आली. वडील गेले होते. सहकाऱ्यांनी परत जाण्याचा सल्ला दिला. घरचा कर्ता पुरुष गेलेला, मागे आई आणि लहान भावंडे. मराठी मध्यमवर्गीय घरात अशा वेळी मुलाने काय करावे, याविषयी कोणाच्या मनात शंका नसते. कोटणीस यांनी परत जाण्याचे नाकारले आणि पथकाबरोबर येनानची वाट धरली. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते तेथे पोहोचले.

येनान म्हणजे पिवळ्या मातीच्या डोंगरांत खोदलेल्या गुहांचे शहर. बॉम्बवर्षावात जमिनीवरच्या इमारती उद्ध्वस्त झालेल्या, म्हणून राहणे गुहेत, रुग्णालय गुहेत, शाळाही गुहेत. येथे पथकाचे काम सुरू झाले आणि येथेच चिनी शिकण्याला खरी सुरुवात झाली. पथकातील दोघे, चोळकर आणि मुखर्जी, १९३९ मध्येच भारतात परतले. उरलेल्यांपैकी कोटणीस आणि बसू यांनी भाषेचा पिच्छा सोडला नाही.

कंबर की औषध?

तिशीकडे झुकलेल्या डॉक्टरने ही भाषा शिकणे म्हणजे नेमके काय, हे थोडे समजून घ्यायला हवे. चिनी भाषेत शब्दाचा अर्थ केवळ उच्चारावर नाही तर सुरावर ठरतो. ‘याव’ हा उच्चार सपाट उंच सुरात केला तर कंबर, सूर खाली नेऊन वर उचलला तर चावणे, आणि वरून झटक्यात खाली आणला तर औषध. त्याच खाली येणाऱ्या सुरात ‘हवे आहे’ असाही अर्थ होतो, तो संदर्भावरून ओळखायचा. रुग्णाला कंबरदुखी आहे, की तो औषध मागतो आहे, की कुत्रे चावल्याचे सांगतो आहे, हे कळले नाही तर निदान तरी कसे करणार? ‘माय’ या उच्चाराचे तर खरेदी आणि विक्री असे दोन परस्परविरोधी अर्थ केवळ सुराच्या चढउतारावर ठरतात. मराठीत आपण सुराचा उपयोग राग, लोभ, प्रश्न दाखविण्यासाठी करतो. शब्दाचा अर्थच सुरावर टांगलेला असणे आपल्या कानाला नवे असते, आणि कान जितका जुना तितका तो हट्टी.

मराठीभाषकाला काही गोष्टी सोप्याही जातात. प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला फरक इंग्रजी माणसाला महिनोन् महिने उमगत नाही. आपण तो आईच्या मांडीवर शिकतो, आणि चिनीत तो पदोपदी लागतो. चंद्रातला च वेगळा आणि चमच्यातला च वेगळा, हे मराठी मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. चिनीतही असे दोन्ही प्रकारचे उच्चार आहेत. व्याकरण तर मराठीच्या मानाने फारच साधे. लिंग नाही, विभक्ती नाही, क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही. तो जातो, ती जाते, ते जातात, या सगळ्यांना क्रियापदाचे एकच रूप पुरते. चिनी शिकणाऱ्याला व्याकरण फारसे रडवत नाही. त्याला रडवतात ती अक्षरे. नेहमीच्या वाचनासाठी दोन-तीन हजार अक्षरे तरी डोळ्याखालून आणि हाताखालून जावी लागतात. त्यांना जवळचा रस्ता नाही. रोज काही गिरवायची, उद्या त्यांतली निम्मी विसरायची आणि पुन्हा गिरवायची. सहा वर्षांच्या मुलाला याची लाज वाटत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने ती बाजूला ठेवायची असते.

कोटणीस यांच्या शिकवणीला सलग वर्ग कधी लाभला नाही. येनानमधले पाठ जेमतेम अंगवळणी पडत असताना, नोव्हेंबर १९३९ मध्ये, अटल आणि बसू यांच्यासह ते आघाडीकडे निघाले. डिसेंबरअखेर शान्सी प्रांतात आठव्या मार्ग सेनेच्या मुख्यालयात पोहोचल्यावर, ज्यांच्या पत्रामुळे हे सारे घडले होते, त्या चू ते यांची भेट झाली. प्रकृतीमुळे अटल परत फिरले. कोटणीस आणि बसू रात्रीच्या अंधारात जपान्यांच्या ताब्यातील रेल्वेमार्ग ओलांडत चिन-छा-ची या सीमाप्रदेशात दाखल झाले. शत्रूच्या पिछाडीला, हपेई आणि शान्सीच्या डोंगरांत गनिमी काव्याने राखलेला हा मुलूख होता. सैन्य हलले की रुग्णालय हलायचे, आणि रुग्णालय हलले की वही-दौतही पाठीवर घ्यावी लागायची. दर मुक्कामाला बोलीही बदलत होती. सैन्यात हुनान, च्यांगशी, सच्वान असे दूरदूरच्या प्रांतांतले जवान होते. जखमी माणूस कण्हतो तो शिकवलेल्या प्रमाण भाषेत नव्हे, तर स्वतःच्या आईच्या बोलीत. कोटणीस यांच्या कानाची शाळा अशी रोजच भरत होती.

जून १९४० मध्ये ते तांग परगण्यात डॉ. नॉर्मन बेथून यांच्या समाधीपाशी पोहोचले. कॅनडाचे हे विख्यात शल्यविशारद १९३८ पासून या भागात काम करीत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम दूषित होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. चीनमध्ये त्यांचे नाव आजही दैवताप्रमाणे घेतले जाते. बेथून यांचे काम अलौकिक होते, यात वाद नाही. मात्र ते दुभाष्याच्या मदतीने चालले. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या आणि अवघी पावणेदोन वर्षे लाभलेल्या माणसाकडून याहून वेगळी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. त्यांची जागा चालवायला आलेला माणूस मात्र थेट बोलणारा होता, आणि हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

चिनीत लिहिलेली शल्यचिकित्सा

ऑगस्ट १९४० मध्ये आठव्या मार्ग सेनेने जपान्यांविरुद्ध मोठी मोहीम उघडली. ‘शंभर पलटणींची लढाई’ म्हणून ती इतिहासात नोंदली गेली आहे. या मोहिमेत तेरा दिवसांत कोटणीस यांच्या तुकडीकडे आठशेहून अधिक जखमी आले आणि त्यांपैकी ५५८ जणांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. हा आकडा चरित्रांतून नेहमी दिला जातो, आणि तो थक्क करणाराच आहे. पण एक डॉक्टर रात्रंदिवस उभा राहिला तरी किती जणांना वाचविणार, याचे गणितही हाच आकडा मांडतो. डोंगरी मुलुखात प्रशिक्षित डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. हवे होते ते नवे डॉक्टर, आणि ते तिथल्याच मातीतून घडवायचे होते.

त्यासाठी शाळा होती. बेथून यांच्या प्रयत्नांनी १९३९ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे त्यांचेच नाव दिलेल्या या वैद्यकीय शाळेचा तळ तांग परगण्यातील गेगोंग या खेड्यात होता. जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस यांची बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून नेमणूक झाली. रुग्णालय आणि अध्यापन असे दोन्ही भार त्यांच्यावर आले. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांची मुले. पुष्कळांचे शालेय शिक्षणही अपुरे. इंग्रजीचा गंध नाही. त्यांच्यापुढे परळच्या महाविद्यालयातली लॅटिन परिभाषा मांडणे व्यर्थ होते.

येथे चिनी भाषेने शिक्षकाला हात दिला. या भाषेतली वैद्यकीय परिभाषा नित्याच्या वापरातल्या अक्षरांतून घडलेली आहे. शस्त्रक्रियेला चिनीत ‘शौशू’ म्हणतात. त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ हात, दुसऱ्याचा कसब. हाड मोडण्याला ‘हाड’ आणि ‘मोडणे’ हीच दोन अक्षरे. भूल देण्यासाठी बधिरपणा आणि मद्याची धुंदी दाखविणारी अक्षरे एकत्र येतात. निर्जंतुकीकरण म्हणजे विष नाहीसे करणे. औषधोपचाराची शाखा ती ‘आतली’ आणि शल्यचिकित्सा ती ‘बाहेरची’. चारशे-पाचशे अक्षरे ओळखणारा शेतकऱ्याचा मुलगाही असा शब्द पाहून अर्थाचा अंदाज करू शकतो. परक्या विद्यार्थ्याला प्रथम जी अक्षरे डोंगराएवढी वाटतात, तीच नंतर विषय शिकविताना मदतीला धावून येतात. कोटणीस यांनी हा डोंगर चढला होता, म्हणून पलीकडची ही सोय त्यांच्या हाती आली. दुभाष्याच्या आधारावर राहिलेल्या डॉक्टरला ती कधीच मिळाली नसती. शिवाय दुभाष्यामार्फत दिलेल्या व्याख्यानाला दुप्पट वेळ लागतो आणि शंका विचारणारा विद्यार्थी मध्येच गप्प होतो, हे कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही.

कोटणीस चिनीत शिकवू लागले, चिनीत लिहू लागले. पाठ्यपुस्तके नव्हती. नाकेबंदीमुळे बाहेरून काही येणे दुरापास्त होते. तेव्हा त्यांनी स्वतःच विद्यार्थ्यांसाठी शल्यचिकित्सेची पुस्तके चिनी भाषेत लिहायला घेतली. सामान्य तत्त्वांचा भाग पूर्ण झाला. विशिष्ट व्याधींवरचा दुसरा भाग हाती घेतला होता. परदेशातून आलेल्या डॉक्टरने शस्त्रक्रिया करणे चीनला नवे नव्हते, मिशनरी डॉक्टर शतकभर ते करीत आले होते. पण युद्धाच्या धामधुमीत, भाषा शिकून जेमतेम तीन वर्षे झालेली असताना, त्याच भाषेत पाठ्यपुस्तक लिहिणे ही विरळाच गोष्ट. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रात वैद्यकाचे शिक्षण मराठीतून द्यावे की नाही, यावर दशकानुदशके परिसंवाद झडत आले. सोलापूरच्या या डॉक्टरने असा परिसंवाद न भरविता शल्यचिकित्सा देशी भाषेत उतरवून दाखविली. ती भाषा मराठी नव्हती, इतकेच.

त्या काळी महाराष्ट्रात चिनी शिकणारे कोणीच नव्हते असे नाही. पुण्यात वा. वि. गोखले आणि पु. वि. बापट या विद्वानांनी बौद्ध ग्रंथांच्या अभ्यासासाठी या भाषेचा मार्ग धरला. बापट यांनी अकिरा हिराकावा यांच्यासह विनयपिटकावरील एका भाष्याच्या चिनी रूपाचे केलेले भाषांतर १९७० मध्ये भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केले. ती वाट ग्रंथालयातून जाणारी होती, आणि तिचे मोल मोठे आहे. पुढे परराष्ट्र सेवेतले वसंत परांजपे पेकिंगला जाऊन चिनी शिकले आणि १९५४ मध्ये नेहरू-माओ भेटीत त्यांनी दुभाष्याचे काम केले. कोटणीस यांची चिनी मात्र खाटेजवळ घडली, आणि तिची परीक्षा रोज तिथेच होत होती.

गेगोंगमधले घर

बेथून शाळेत कुओ चिंगलान ही परिचर्या शिकविणारी तरुण परिचारिका होती. शान्सीत जन्मलेल्या चिंगलानला थोडेफार इंग्रजीही येत असे. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी गेगोंग येथे दोघांचा विवाह झाला. भाषेच्या विद्यार्थ्याला घरात त्या भाषेची बोलणारी माणसे असणे याहून चांगला वर्ग नाही, हे खरे. पण विवाहाआधीच कोटणीस यांची चिनी एवढी पक्की झाली होती की तो संसार उभा राहू शकला, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. सीमाप्रदेशाचे सेनापती न्ये रोंगचन यांच्या सूचनेवरून त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवण्यात आले. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी जुलैमध्ये कोटणीस कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले होते. भारतीय राष्ट्रसभेच्या वतीने गेलेला डॉक्टर तीन-चार वर्षांत तेथल्या सैन्याचा आणि पक्षाचा माणूस झाला, ही गोष्ट आपल्याकडच्या काही चरित्रकारांना अवघड वाटते आणि ते ती एका वाक्यात उरकतात. पण अखेरच्या वर्षांतले कोटणीस समजून घ्यायचे तर ती टाळता येत नाही.

प्रकृती आधीच ढासळू लागली होती. अपस्माराचे झटके येत होते. उपचारांसाठी आघाडी सोडून जावे, असे वरिष्ठांनी सुचविले. त्यांनी ते मानले नाही. रुग्णालय, वर्ग आणि पुस्तकाचे लेखन असा क्रम चालूच राहिला. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री तीव्र झटके आले, ते थांबले नाहीत. ९ डिसेंबरच्या पहाटे गेगोंगमध्येच त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. शल्यचिकित्सेचा दुसरा भाग अपुरा राहिला.

माओ, चौ एन-लाय आणि चू ते यांनी शोकसंदेश लिहिले. दफन प्रथम तांग परगण्यातच झाले. पुढे, १९५० च्या दशकात, शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मारकात बेथून यांच्यासह त्यांची समाधी उभी राहिली. तांग परगण्यात दोघांच्या नावाचे संयुक्त स्मारकही आहे. मुंबईत १९४४ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकाची कथा इंग्रजीत पुस्तकरूपाने आणली, आणि तिच्यावरून दोन वर्षांनी शांताराम यांचा चित्रपट आला. वडीलबंधू मंगेश यांनी लिहिलेले चरित्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. चीनने त्याच वर्षी कोटणीस यांच्यावर टपाल तिकिटे काढली. भारताला त्यासाठी १९९३ उजाडावे लागले. १९६२ च्या युद्धानंतर या नावाचा उच्चारही काही काळ अवघडून होत असे, हे त्या विलंबाचे एक कारण असावे.

सहकारी विजयकुमार बसू १९४३ मध्ये भारतात परतले. तेही चिनी शिकले होते. १९५० च्या दशकाअखेर पुन्हा चीनला जाऊन त्यांनी अ‍ॅक्युपंक्चरची विद्या आत्मसात केली आणि कोलकात्यात ती रुजविली. भाषा येत होती म्हणून चाळिशी उलटल्यावर हा दुसरा अभ्यास त्यांना करता आला.

यिनहुआने वडिलांप्रमाणेच वैद्यकाची वाट धरली. पण पदवी हाती येण्यापूर्वीच, १९६७ मध्ये, ऐन पंचविशीत त्याचा मृत्यू झाला. कुओ चिंगलान पुढेही अनेकदा भारतात आल्या आणि कोटणीस कुटुंबीयांना भेटत राहिल्या. चीनचे नेते मुंबईला आले की कोटणीस यांच्या बहिणींची भेट घेत. १९९६ मध्ये च्यांग चमिन, २००६ मध्ये हू चिनताओ आणि २०१३ मध्ये ली खछ्यांग यांच्या भारतभेटीतही या घराची आठवण काढली गेली. सोलापुरातील कोटणीस यांचे राहते घर महापालिकेने स्मारक म्हणून जपले असून ते २०१२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्याच वर्षी जूनमध्ये चिंगलान यांचे चीनमध्ये निधन झाले.